पुरावा आणि गोपनीयता : एका विद्यार्थिनीच्या वहीच्या निमित्ताने

परिचर्या महाविद्यालयातील तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनी बालआरोग्य परिचर्येच्या अनुभवासाठी आमच्या नवजात शिशू विभागात येतात. प्रत्येकीने एक वही ठेवावयाची असते. दिवसभरात काय केले याची नोंद तीत असतेच. परंतु जे केले ते का केले आणि करताना मनात काय आले, हेही लिहावे अशी अपेक्षा असते. बहुतेक वह्या एकमेकींवरून उतरविलेल्या असतात, हे शिकविणाऱ्या आम्हां सर्वांस ठाऊक आहे. गेल्या वर्षी मात्र एक वही अशी हाती आली की ती मी घरी नेऊन पुन्हा वाचली. स्मरणिकेसाठी लेख हवा, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा लसीकरणाचा नेहमीचा विषय बाजूस ठेवून या वहीविषयीच लिहावे असे ठरविले. वहीच्या लेखिकेची परवानगी घेतली आहे. ती हिंदीत लिहिते. येथील मराठी शब्द माझे आहेत.

वहीतील पहिला प्रश्न नाळेचा आहे. एका आजीने नातवाच्या नाळेस हळद आणि तेल लावले. वॉर्डातील ज्येष्ठ सिस्टर रागावल्या आणि त्यांनी नाळ स्पिरिटने पुसली. पुस्तकात तर नाळ कोरडी व स्वच्छ ठेवावी, काहीही लावू नये, असे लिहिलेले. विद्यार्थिनी लिहिते : आजीजवळ तिच्या सासूचा अनुभव आहे, सिस्टरजवळ वीस वर्षांच्या नोकरीचा, पुस्तकाजवळ काय आहे?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. नेपाळ, बांगलादेश व पाकिस्तान येथील खेड्यांत, जेथे बहुतेक बाळंतपणे घरी होत, क्लोरहेक्सिडीन नाळेस लावल्याने नवजात मृत्यू घटल्याचे अभ्यासांत दिसले. नेपाळचा अभ्यास २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढे झांबिया आणि टांझानियातील पेम्बा बेटावर तसेच मोठे अभ्यास झाले, तेव्हा मृत्यूंत तसा फरक आढळला नाही. म्हणून रुग्णालयात जन्मलेल्या बाळाची नाळ कोरडी ठेवावी आणि जेथे नाळेस अपायकारक वस्तू लावण्याची रूढी आहे तेथे क्लोरहेक्सिडीनचा विचार करावा, असे आज सांगितले जाते. औषध तेच, परंतु बाळ कोठे जन्मले आणि घरी जाऊन त्याच्या नाळेवर काय पडणार आहे, यावर उत्तर बदलते. डेव्हिड सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पुराव्यावर आधारित वैद्यकाची जी व्याख्या केली तीत उत्तम उपलब्ध पुरावा, वैद्याचे कौशल्य आणि रुग्णाची इच्छा या तिन्हींना स्थान होते. तरीही केवळ 'आधारित' म्हटल्याने पुरावाच हुकूम सोडतो असा समज होतो. म्हणून परिचर्येचे शिक्षक आता 'पुराव्याची जाण ठेवून केलेली परिचर्या' असे म्हणू लागले आहेत. हा शब्द मला अधिक प्रामाणिक वाटतो. त्या आजीस समजावण्याचे काम पुस्तक करीत नाही, सिस्टरच करते.

मी वर्गात ऑक्सिजनचा इतिहास सांगतो, त्यावर वहीत दोन पाने आहेत. १९४० च्या दशकात अपुऱ्या दिवसांची बाळे इनक्युबेटरमध्ये मुक्तहस्ते ऑक्सिजन देऊन वाचविली जाऊ लागली आणि त्यांतील अनेक बाळे आंधळी होऊ लागली. वॉशिंग्टनच्या गॅलिंजर रुग्णालयात दोन गट करून तुलना सुरू झाली : एका गटास भरपूर ऑक्सिजन, दुसऱ्यास गरजेपुरता. तेथील काही परिचारिकांना दुसऱ्या गटावर अन्याय होतो आहे असे वाटे आणि रात्रपाळीत त्या हळूच त्या बाळांचा ऑक्सिजन वाढवीत. हेतू शुद्ध होता, माया खरी होती. १९५३-५४ मध्ये अमेरिकेतील १८ रुग्णालयांनी मिळून केलेल्या अभ्यासाने अति ऑक्सिजन आणि अंधत्व यांचा संबंध निश्चित केला. तोवर जगभरात सुमारे १०,००० बालके दृष्टी गमावून बसली होती. पुढे ऑक्सिजन अतिशय आखडता घेतला गेला आणि त्यापायी मृत्यू वाढले, हेही सांगितले पाहिजे. आज आम्ही अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण ९० ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान राखण्याचा प्रयत्न करतो आणि ३४ आठवड्यांपूर्वी किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे डोळे चौथ्या आठवड्यापर्यंत नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घेतो; फारच लहान बाळांचे त्याहून आधी.

या डोळ्यांच्या तपासणीशीच वहीतील तिसरी नोंद निगडित आहे आणि हा लेख मी त्या नोंदीसाठी लिहीत आहे. (बाळाच्या आईस मजकूर हिंदीतून वाचून दाखविला आहे व तिची संमती घेतली आहे. वजन, काळ आणि नात्यांचे काही तपशील बदलले आहेत.)

सव्वा किलोचे एक बाळ. आईने त्यास अनेक दिवस छातीशी धरून कांगारू पद्धतीने वाढविले. घरी जाण्याच्या दिवशी कर्मचाऱ्यांपैकी कोणीतरी कौतुकाने मायलेकरांचे छायाचित्र काढले आणि 'आमचा छोटा योद्धा' अशा ओळीसह विभागाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. आईचे वस्त्र सैल होते, बाळ उघड्या छातीवर होते. चेहरा दिसत होता. गटातून ते छायाचित्र बाहेर गेले; कोणी पाठविले ते आजवर कळले नाही. चौथ्या दिवशी ते तिच्या सासरच्या गावी दिराच्या मोबाइलवर होते. घरात काय झाले असेल ते सांगावयास नको. तपासणीच्या तारखेस बाळ आले नाही. आम्ही फोन केले, ते बंद होते. अखेर आशा कार्यकर्तीने दोन फेऱ्या घातल्या तेव्हा आजोबा बाळास घेऊन आले, तीन आठवडे उशिरा. दोन्ही डोळ्यांना लेझर करावा लागला. उजवा डोळा वाचला. डाव्याविषयी नेत्रतज्ज्ञांनी काही आश्वासन दिले नाही.

त्या छायाचित्राखाली गटावर बावीस जणांनी अंगठे उमटविले होते. त्यांत एक माझा होता.

विद्यार्थिनीने लिहिले आहे : आम्हांला ऑक्सिजनची गोष्ट सांगितली तेव्हा मी त्या परिचारिकांवर रागावले होते. मग हे छायाचित्र आठवले.

छायाचित्र टाकणाऱ्याचे समर्थन असे होते की त्यामुळे इतर मातांना कांगारू पद्धतीचा विश्वास वाटेल, म्हणजे ते एक प्रकारे पुरावाच आहे. येथेच चूक आहे. एका तगलेल्या बाळाचे छायाचित्र उपचाराविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही, कारण जी बाळे तगली नाहीत ती त्यात नाहीत. आणि ते बाळ कोण, त्याची आई कोण, हे मात्र पूर्णपणे सांगून टाकते. खरा पुरावा याच्या नेमका उलट असतो. कांगारू पद्धत जन्मल्याबरोबर सुरू करावी काय, याचा अभ्यास भारतासह पाच देशांत झाला. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यात होते. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ३,२११ बाळे होती. नेहमीच्या पद्धतीत २८ दिवसांत १५.७ टक्के दगावली, लगेच छातीशी धरलेल्यांत १२ टक्के. त्यांतील एकाही बाळाचे नाव आपणांस ठाऊक नाही, दगावलेल्यांचीही गणती मात्र आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांचे गडचिरोलीचे काम आपल्या परिचयाचे आहे. ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी घरोघरी नवजातांची काळजी घेतली आणि हजार जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्युदर २५.५ वर आला. १९९९ साली 'लॅन्सेट'ने तो अभ्यास छापला आणि देशाच्या धोरणावर त्याचा परिणाम झाला. त्यामागे प्रत्येक जन्माची आणि प्रत्येक मृत्यूची निष्ठेने ठेवलेली नोंद होती. हे सारे कोणाही मातेचा चेहरा जगास न दाखविता झाले.

कायद्याविषयी थोडक्यात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाची ओळख पटेल अशा रीतीने त्याचे छायाचित्र किंवा माहिती परवानगीवाचून प्रसिद्ध करता येत नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम आणले, त्यांत समाजमाध्यमांविषयी स्वतंत्र मार्गदर्शन होते. त्याच महिन्यात ते नियम स्थगित झाले. परंतु २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आहे, आणि २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानून त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक धरली आहे.

'ओळख पटेल अशा रीतीने' या शब्दांवर आपण इंदूरकर मराठी डॉक्टरांनी विशेष थांबावयास हवे. डोळ्यांवर काळी पट्टी ओढली की ओळख पुसली, असे आपण परिषदांतील स्लाइड्सपासून मानत आलो. आपल्या समाजात रामबागेत सकाळी घडलेले राजेंद्रनगरात दुपारी कळते. पायातला चांदीचा वाळा, आत्याने विणलेली टोपी, एवढे पुरते. पूर्वी एका व्याख्यानात मी अशीच पट्टी ओढलेली स्लाइड दाखविली असता मागच्या रांगेतून एक वहिनी हलक्या आवाजात बाळाच्या आजोळचे नाव सांगत असल्याचे माझ्या कानी आले होते. मी ऐकून न ऐकल्यासारखे केले.

दोष विद्यार्थ्यांवर ढकलणे सोयीचे असते. २०१० साली अमेरिकेतील कॅन्सस राज्यात परिचर्येच्या चार विद्यार्थिनींनी प्रात्यक्षिकाच्या वेळी वारेसोबत छायाचित्रे काढून फेसबुकवर टाकली. रुग्णाचा कसलाही मागमूस त्यांत नव्हता, आणि छायाचित्र काढण्यापूर्वी त्यांनी शिक्षिकेस विचारलेही होते. महाविद्यालयाने त्यांना काढून टाकले. २०११ च्या जानेवारीत न्यायालयाने त्यांतील दाद मागणाऱ्या विद्यार्थिनीस परत घेण्याचा आदेश दिला. शिकविणाऱ्यांनी आधी स्पष्ट बोलावयाचे असते, नंतर शिक्षा देऊन नव्हे. आमच्याकडेही त्या दिवसापर्यंत कोणी काही स्पष्ट सांगितले नव्हते.

आता आमच्या विभागात शिरताना मोबाइल दाराशी कपाटात ठेवावा लागतो, सल्लागारांनाही. पहिले काही दिवस कुरकुर झाली. सर्वांत जास्त आम्हां डॉक्टरांचीच. वैद्यकीय गरजेसाठी छायाचित्र लागले तर विभागाचा कॅमेरा आहे, आईची लेखी संमती आहे आणि छायाचित्र केसपेपरबरोबर राहते. संमती विचारण्याची वेळही बदलली. पूर्वी बाळ घरी जाताना, सारे आनंदात असताना विचारले जाई. ज्यांनी आपले बाळ वाचविले त्यांना त्या क्षणी नाही कोण म्हणणार? आता पाठपुराव्याच्या पहिल्या भेटीत विचारतो. बऱ्याच माता नाही म्हणतात, आणि तरीही पुढच्या तारखेस येतात.

वही मी परत केली आहे. शेवटच्या पानावर तिने विचारले होते की, आईने आज दिलेली संमती ते बाळ अठरा वर्षांचे झाल्यावर नाकारू शकेल काय, आणि तोवर ते छायाचित्र किती ठिकाणी पोहोचलेले असेल. मी समासात केवळ 'वाचले' असे लिहून सही केली. मंडळाच्या वाचकांपैकी कोणी कायद्याचे जाणकार असतील तर त्यांनी मला अवश्य कळवावे. पुढची तुकडी जुलैत येते.