गाडीतली हजेरी

आपल्या होस्टेलवर रात्री हजेरी होते. एखाद्याचा 'यस सर' आला नाही की शेजारचे तिघे ओरडतात, "सर, तो नाही!" पण तो पिक्चरला पळाला, तापाने पडून आहे, की कुणी बाहेरून कडी लावली, हे हजेरीच्या वहीवरून कळत नाही. त्यासाठी खोलीपर्यंत जावं लागतं. गेल्या दिवाळीत हाच धडा मला मामांच्या गाडीने शिकवला.

नांदेडहून मामांबरोबर लातूरला निघालो होतो. लोहा, अहमदपूर झालं, चाकूर मागे पडलं आणि डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा लागला. स्पीडोमीटरचा काटा शून्यावर! साधे ब्रेक लागत होते, म्हणून हळूहळू घर गाठलं. दुसऱ्या दिवशी एका वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला. कोड आला 'यू ०१२१'. निदान झालं, "एबीएस मॉड्यूल गेलं, नवीन टाका." खर्च ऐकून मामा गप्पच झाले. सोयाबीनचे पैसे नुकतेच आले होते आणि ते मामेबहिणीच्या क्लासच्या फीसाठी ठेवलेले. लातुरात क्लासची फी म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

मामा म्हणाले, "भाच्या, इंजिनिअरिंगला हाईस ना? बघ की काय व्हतंय ते."

आधी थोडी थिअरी

आजच्या गाडीत इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, डॅशबोर्ड यांचे वेगवेगळे कंट्रोल मॉड्यूल असतात. प्रत्येकाने प्रत्येकाकडे स्वतंत्र तार ओढली तर गाडीत तारांचं जंगल होईल. म्हणून जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८३ पासून काम करून १९८६ मध्ये 'कंट्रोलर एरिया नेटवर्क', म्हणजेच 'कॅन', जगापुढे मांडलं. १९९३ मध्ये त्याचं आयएसओ ११८९८ हे मानक झालं.

यात दोनच तारा असतात, कॅन-हाय आणि कॅन-लो. कुणी बोलत नसताना दोन्हींवर साधारण २.५ व्होल्ट असतात. बोलताना हाय ३.५ वर जाते, लो १.५ वर येते. ऐकणारा फक्त दोन्हींमधला फरक बघतो. तारांना पीळ असतो, त्यामुळे बाहेरचा गोंगाट दोन्हींवर जवळपास सारखाच चढतो आणि फरक तसाच राहतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे पीळ जाऊच द्यायचा नाही!

मुख्य लाईनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, नाहीतर सिग्नल टोकावर आपटून परत येतो. दोन १२० पॅरलल म्हणजे ६० ओहम. फर्स्ट इयरचं गणित.

आता कोड. 'पी' इंजिन-गिअरचा, 'बी' बॉडीचा, 'सी' चॅसीचा आणि 'यू' नेटवर्कचा. 'यू ०१२१' म्हणजे 'एबीएस मॉड्यूलशी संपर्क तुटला'. गंमत अशी की हा कोड एबीएसने लिहिलेला नसतो. तो इंजिन, डॅशबोर्ड अशा शेजाऱ्यांनी लिहिलेला असतो. "सर, तो नाही!" काटा शून्यावर का, तेही इथेच कळलं. चाकांचा वेग एबीएसकडून याच तारांवरून डॅशबोर्डला जातो.

प्रत्यक्ष मोजमाप

मामांच्या ओळखीच्या एका मिस्त्रींच्या शेडमध्ये गाडी नेली. बॅटरीची निगेटिव्ह काढली, पाचेक मिनिटं थांबलो. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या ओबीडी सॉकेटमध्ये ६ नंबर कॅन-हाय आणि १४ नंबर कॅन-लो. त्या दोन्हींत मल्टिमीटर लावला. वाचन असं लावायचं :

१) ६० ओहमच्या आसपास : मुख्य लाईन ठीक.
२) १२० : एका टोकाचा रेझिस्टर गायब किंवा लाईन मध्येच तुटलेली.
३) ४० : कुठेतरी तिसरा रेझिस्टर जोडला गेलाय.
४) शून्याजवळ : दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या.

आमचं वाचन आलं ६०. मी लगेच जाहीर केलं, "वायरिंग ठीक आहे, मॉड्यूलच गेलं." मिस्त्री हसले. "इंजिनिअर, तुमी सडक मोजली. घराकडं जायची पांदण मोजली का?"

मी खजील झालो. एबीएसचं मॉड्यूल मुख्य लाईनवर नव्हतं, तिच्यातून निघालेल्या फाट्यावर होतं. फाटा तुटला तरी मुख्य लाईन ६०च दाखवणार! मग त्या मॉड्यूलचा कनेक्टर काढला, मॅन्युअलमधल्या आकृतीवरून पिना ओळखल्या आणि हार्नेसच्या बाजूने त्याच दोन तारांमध्ये मीटर लावला. इथेही ६० यायला हवे होते. मीटरने काहीच दाखवलं नाही. सर्किट ओपन. नंतर बॅटरी जोडून, इग्निशन चालू करून सप्लाय आणि अर्थ तपासले, दोन्ही व्यवस्थित.

हार्नेस चाचपत गेलो तर बॅटरीखाली दोन्ही तारा उंदराने कुरतडलेल्या. गाडी सोयाबीनच्या पोत्यांशेजारी उभी असायची! काही धागे शिल्लक होते, ते रस्त्याच्या हादऱ्यांनी तुटले असणार. मिस्त्रींनी तारा सोल्डर केल्या, स्लीव्ह चढवली, पीळ कायम ठेवला. कोड पुसले आणि औशापर्यंत जाऊन आलो. काटा हलला, दिवा विझला, कोड परत आला नाही. मिस्त्रींनी मजुरी घेतली ती मामांच्या खिशातल्या सुट्ट्या नोटांत भागली. क्लासची फी वेळेवर भरली.

मॉड्यूल कधीच जात नाही असं नाही. सप्लाय, अर्थ आणि फाट्यावरचे ६० हे तिन्ही बरोबर असूनही ते बोलत नसेल, तर मॉड्यूलवर संशय घ्या. पण क्रम तोच ठेवा. आणि तारेच्या आवरणात टाचणी खुपसून मोजू नका, तिथूनच पुढे गंज चढतो.

ज्यांना करून बघायचंय त्यांनी लॅबमध्ये ब्रेडबोर्डवर १२० ओहमचे दोन रेझिस्टर लावून एकेक तार काढून बघा. ६०, १२० आणि ओपन सर्किट तिथेच दिसतील. नंतर एक फाटा काढा, तो तोडा आणि बघा, मीटरला पत्ताही लागत नाही. मी हे आधी केलं असतं तर मिस्त्रींसमोर फजिती झाली नसती.