पहिला पेपर पाठवलास ना, आता हे वाच

पोरी, तुझा पेपर जर्नलकडे गेला हे ऐकून फार बरं वाटलं. पण लगेच रात्री मेसेज, "मावशी, सायटेशन कधी दिसायला लागतील?" अगं, रोप लावल्या दिवशी कैऱ्या मोजत नाहीत. रुग्णालयाच्या संशोधन विभागात माझी तीस वर्षं गेली, आणि खालच्यातल्या बऱ्याच चुका माझ्या हातून झाल्या आहेत. तुझ्या हातून होऊ नयेत, एवढ्यासाठी लिहितेय.

1. पेपरवर नाव कसं लिहायचं ते एकदाच ठरव आणि जन्मभर तसंच ठेव, लग्नानंतर आडनाव बदललंस तरी – पबमेडच्या यादीत आडनाव आणि आद्याक्षरंच दिसतात, आणि 'कुलकर्णी एस' एकट्या पुण्यात किती निघतील! माझ्या लग्नाआधीच्या चार पेपरांना माझ्या नावाखाली यायला कितीतरी वर्षं लागली.

2. ऑर्किडचा (ORCID), म्हणजे संशोधकाच्या ओळखीचा, 16 आकडी क्रमांक आजच काढ, पैसे पडत नाहीत – संस्था बदलो, देश बदलो, तो आकडा तुझाच राहतो.

3. गूगल स्कॉलरवरचं तुझं पान वर्षातून दोनदा चाळ, आणि चुकून आलेले दुसऱ्याचे पेपर स्वतःहून काढून टाक – परक्याच्या ताटातला लाडू आपल्या पोटाला लागत नाही.

4. लेखकांची नावं आणि क्रम काम सुरू होतानाच कागदावर घ्या – पेपर लिहून झाल्यावर हा विषय निघाला की वर्षांची मैत्री तुटते, मी पाहिलंय. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या समितीच्या, म्हणजे आयसीएमजेईच्या, लेखक होण्याच्या चारही अटी पाळ: कामात खरा वाटा, लिखाणात हात, शेवटच्या मसुद्याला संमती आणि छापलेल्याची जबाबदारी. नुसतं विभागप्रमुख असणं यात कुठेच बसत नाही.

5. रुग्णांवरची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत, नोंदणी कर – 1 एप्रिल 2018 पासून मागाहून नोंदणी होत नाही, आणि चांगली जर्नलं तिच्याशिवाय पेपर घेत नाहीत.

6. जनुकांची यादी एक्सेलमध्ये टाकण्याआधी रकाना 'टेक्स्ट' करून घे – नाहीतर 'मार्च1' हे जनुक गुपचूप 1 मार्च ही तारीख होऊन बसतं. हा घोळ छापील पेपरांत इतका पसरला की 2020 मध्ये अशा जनुकांची नावंच बदलावी लागली.

7. 'पद्धत' हा भाग सगळ्यात जीव ओतून लिही, कंटाळा आला की उठून चहा घे आणि परत बस – ज्या वाटीचं माप बरोबर, ती वाटी गावभर फिरते. जगात सर्वाधिक उद्धृत झालेला पेपर कुठल्या मोठ्या शोधाचा नाही, तो 1951 चा लाउरींचा, प्रथिनं मोजायच्या पद्धतीचा. 3 लाखांहून जास्त वेळा त्याचा संदर्भ दिला गेलाय. आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव आणि फिस्क यांची 1925 ची फॉस्फरस मोजायची रीतही अशीच पिढ्यान्‌पिढ्या लॅबमध्ये वापरली गेली. किती मिली, किती मिनिटं, किती तापमान, सगळं लिही.

8. सांगायचं थोडं असेल तर थोडंच लिही – मुंबईच्या भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'बॉम्बे रक्तगट' 1952 मध्ये लॅन्सेटच्या दोनेक पानांत जगाला सांगितला.

9. "आदरणीय प्राध्यापक" म्हणत चार दिवसांत छापून देणारी ईमेल आली की आधी हस, मग डिलीट कर – तुझी पीएचडी अजून व्हायचीय हे त्यांना ठाऊकच नसतं. यूजीसी-केअरची यादी 2025 मध्ये बंद झाली, त्यामुळे जर्नल मेडलाइनमध्ये आहे का, संपादक खरे आहेत का, हे आता तुलाच बघायचंय.

10. न वाचलेला संदर्भ देऊ नकोस, आणि तो पेपर मागे घेतलेला नाही ना तेही बघ – पायरी तपासल्याशिवाय पाऊल टाकलं की वरचा माणूसही पडतो.

11. इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो, तुझा नव्हे. एच-इंडेक्स 10 म्हणजे निदान 10 वेळा उद्धृत झालेले 10 पेपर, एवढंच – नव्या मुलीचा आकडा लहान असणारच, त्यावरून झोप घालवू नकोस.

12. आणि आकडा फारच छळायला लागला तर कोलकात्याचे शंभुनाथ डे आठव. पटकीचे जंतू गाळून काढलेल्या द्रवानंही सशाच्या आतड्यात पाणी साठतं, म्हणजे रोग त्यांच्या विषानं होतो, हे त्यांनी साध्या साधनांनी दाखवलं आणि 1959 मध्ये नेचरमध्ये छापलं. बरीच वर्षं त्याकडे फारसं कुणी बघितलं नाही. पुढे सायटेशन मोजायची रीतच ज्यांनी घालून दिली, त्या यूजीन गारफिल्ड यांनी 1986 मध्ये डे यांच्या कामावर सविस्तर लिहिलं. डे आदल्याच वर्षी गेले होते. पेपर मात्र पहिल्या दिवसापासून बरोबर होता.

रविवारी जेवायला ये, आणि येताना ऑर्किडचा आकडा लिहून आण.