विहिरीची पाणीपातळी व जलसंवेदकाचा उपयोग

महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या कातळाचा आहे. या प्रदेशात भूमिगत पाणी साठते ते मुख्यतः वरच्या मुरमाड थरात व खडकाच्या भेगांत. अखंड कातळ पाणी धरीत नाही. त्यामुळे दिवाळीत भरलेली दिसणारी विहीर पुढे तळ गाठते आणि दाणा भरण्याच्या ऐन वेळी उभे पीक तहानलेले राहते. म्हणून पाणी उतरत असतानाच त्याचे मोजमाप ठेवणे हिताचे होय.

मोजणीची रीत

विहिरीच्या कठड्यावर एक कायमची खूण करावी. मोजपट्टीच्या टोकास वजन बांधून ती खुणेपासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत सोडावी व अंतर वहीत टिपावे. ही मोजणी आठवड्यातून एकदा, सकाळी पंप सुरू करण्यापूर्वी करावी.

6 मीटर व्यासाच्या गोल विहिरीत दर मीटर उंचीस सुमारे 28 हजार लिटर पाणी असते. एका गुंठ्यास 5 सेंटिमीटर खोलीची पाळी देण्यास सुमारे 5 हजार लिटर पाणी लागते. म्हणजे 3 मीटर साठ्यातून जेमतेम 17 गुंठे भिजतात. पुढील भार झऱ्यांच्या येव्यावर असतो. उपसा थांबल्यावर रात्रभरात पातळी अर्धा मीटर चढली, तर येवा 14 हजार लिटर, म्हणजे तीन गुंठ्यांनाही अपुरा समजावा.

संवेदकाचे कार्य

पाण्यातून विजेचा सौम्य प्रवाह वाहतो, या गुणाचा उपयोग साध्या संवेदकात केलेला असतो. विहिरीत तीन धातूची टोके निरनिराळ्या खोलीवर सोडतात. पाणी मधल्या टोकाच्या खाली गेले की स्टार्टर पंप बंद करतो आणि पाणी वरच्या टोकास पोहोचल्यावरच पुन्हा सुरू करतो. मधले टोक पंपाच्या तोंडापेक्षा बरेच वर ठेवावे. पाण्याविना चाललेल्या पाणबुडी पंपाची मोटार थंड राहत नाही व जळते. ही हानी अशा रीतीने टळते. टोकांवर क्षार बसतात, म्हणून ती वेळोवेळी घासून स्वच्छ करावीत.

दुसऱ्या प्रकारचा संवेदक पाण्याच्या दाबावरून खोली ओळखतो व मोबाईलवर संदेश पाठवितो. घरातील टाकीसाठी बनविलेले बिनतारी उपकरण मात्र खोल विहिरीत उतरविणे उचित नव्हे, कारण तेथून त्याचा संदेश बाहेर पोहोचेलच असे नाही. विहिरीसाठी तारेने जोडलेला संवेदक घ्यावा व संदेश पाठविणारा भाग काठावर ठेवावा. जोडणी जाणत्या वीजतंत्रज्ञाकडून, वीजपुरवठा बंद करून करून घ्यावी. संवेदकाने दाखविलेले माप दर महिन्यास मोजपट्टीने पडताळावे.

नोंदीचा उपयोग

संवेदक पंप वाचवितो. पीक वाचवावयाचे तर नोंदीवरून निर्णय घ्यावा लागतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पावसाचा व भूजलाचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडून पिके ठरविण्याची प्रथा रुजली आहे. केंद्र शासनाने 2022 साली सुरू केलेल्या ‘जलदूत’ उपक्रमातही गावातील निवडक विहिरींची पातळी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर नोंदविण्याची योजना आहे.

ग्रामकार्यकर्त्याने गावातील काही विहिरी निवडून त्यांची मापे चावडीवरील फळ्यावर लिहावीत. ऑक्टोबरमधील पातळी गतवर्षीपेक्षा खाली असल्यास रब्बीच्या पेरणीपूर्वीच बागायती क्षेत्र कमी करण्याचा व गव्हाऐवजी हरभरा किंवा ज्वारी घेण्याचा सल्ला द्यावा. पेरणीनंतर ही संधी उरत नाही. शेजारच्या विहिरी बहुधा एकाच भूजलावर चालतात. म्हणून एकट्याने राखलेल्या नोंदीपेक्षा साऱ्या शिवाराची एकत्र नोंद अधिक उपयोगी ठरते.