आपल्या जिल्ह्याची भूमी व आपली भाकरी



दसरा-दिवाळी झाली की बालाघाटावरील पुष्कळ गावांतून बैलगाड्या, ट्रॅक्टर व मालमोटारी संसार लादून निघतात. मग पाडव्यापर्यंत उपासनेस वृद्ध माणसे व थोडी मुले तेवढी दिसतात. असे का, म्हणून विचारावे तर उत्तर मिळते, "आमचे नशीबच असे." आजच्या पाठात आपण या उत्तराचा विचार करू. ज्यास आपण नशीब म्हणतो, त्यात भूमीचा भाग किती व मनुष्याचा भाग किती, हे निवडून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम पावसाचा विचार करू. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीस अडतात, वर चढून थंड होतात व आपले बहुतेक पाणी तेथेच टाकतात. महाबळेश्वरी वर्षास 5,000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. बीड जिल्ह्याच्या वाट्यास सरासरीने 600 ते 700 मिलिमीटर येतो, आणि तोही खंड देऊन. पर्वताआडच्या अशा देशास पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

आता जमिनीचा उतार पाहा. बालाघाटाची रांग आपल्या जिल्ह्यातून आडवी गेली आहे. तिच्या उत्तरेचे पाणी सिंदफणा व बिंदुसरा यांतून गोदावरीस जाते, दक्षिणेचे मांजरेस मिळते, आणि आष्टीकडील काही सीनेतून भीमेस जाते. उतरताना पाणी माळाची माती खाली नेते. म्हणून गेवराई व माजलगाव येथील गंगथडीस खोल काळी जमीन लाभली, आणि पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी येथील माळ मुरमाड राहिला. खाली पैठणच्या जायकवाडी धरणाचा कालवा आला. तेथे कापूस व ऊस होतो. वर बाजरी, तूर व शेरडेमेंढरे यांवर निर्वाह करावा लागतो, व एक पीक बुडाले की घरी दाणा राहत नाही. कृष्णा व पंचगंगा यांच्या काठी मात्र सह्याद्रीचे पाणी वाहते, म्हणून तेथे ऊस व साखर कारखाने पुष्कळ. पाणी आपल्याकडे येत नाही, म्हणून आपण कोयता घेऊन पाण्याकडे जातो.

हा नियम केवळ आपल्यापुरता नाही. उत्तर अमेरिकेतील कॅनडा हा विस्तीर्ण देश घ्या. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्राचे ढग पर्वतांस अडून भरपूर पाऊस देतात. तेथे घनदाट अरण्ये, लाकडाचा व्यापार व मासेमारी. रॉकी पर्वताच्या पलीकडे कोरडे सपाट मैदान आहे. 1885 साली देशाच्या आरपार लोहमार्ग पुरा झाल्यावर तेथील गहू दूरच्या बंदरांस जाऊ लागला. पूर्वेस मोठी सरोवरे व सेंट लॉरेन्स नदी असल्यामुळे तेथे मोठी शहरे व कारखाने वाढले. परंतु 1930 नंतरच्या दशकात मैदानात अवर्षण पडले, माती धूळ होऊन उडाली, व हजारो कुटुंबे शेते सोडून गेली. तेव्हा 1935 साली तेथील सरकारने एक स्वतंत्र खाते उघडले व तळी खणणे, माती धरून ठेवणे, पडीक जमिनीची कुरणे करणे ही कामे हाती घेतली. पर्वत हलला नाही. परंतु मनुष्यांनी आपली रीत बदलली.

आपल्याकडेही याचे दाखले आहेत. बीडजवळची खजाना बावडी 1582 च्या सुमारास बांधली गेली; जमिनीखालच्या बोगद्यांतून तिचे पाणी शेतांस पोहोचते. बालाघाटाच्या ज्या खडकाळ उतारावर गहू होत नाही, तेथे सीताफळ गोड होते. बीडच्या सीताफळास 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हा भूमी मर्यादा घालते, हे खरे. पण त्या मर्यादेच्या आत पुष्कळ काही मनुष्याच्या हाती असते.

आता पुढचे लक्षपूर्वक वाचावे. पाऊस थोडा पडतो, हे कोणा मनुष्याचे करणे नव्हे. परंतु मुकादमाच्या उचलीचा हिशेब कोठेही लिहिलेला नसणे, एक दिवस पडून राहिल्यास खाडा म्हणून पैसे कापणे, मुलाची शाळा फडात बुडणे, ही कामे सह्याद्रीने केलेली नाहीत. ऊसतोडीस जाणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये काढली जातात, या गोष्टीची 2019 साली सरकारला चौकशी करावी लागली. यास नशीब म्हणणे म्हणजे मनुष्याचा दोष देवाच्या माथी मारणे होय. अनुवादाच्या 11 व्या अध्यायात मिसर देशाची पाटाची शेती व पावसावर जगणारा डोंगराळ देश यांतील भेद सांगितला आहे, व तो डोंगराळ देश देवाच्या दृष्टीआड नाही असे म्हटले आहे. त्याच पुस्तकाच्या 24 व्या अध्यायात गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी देण्याची आज्ञा आहे. जो देव पाऊस देतो, तोच मजुरीचा हिशेबही मागतो.

म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे. गाड्या निघण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाच्या उचलीचा आकडा वहीत लिहून द्यावा व परतल्यावर तो पडताळावा. मुलांस आजीआजोबांजवळ अथवा हंगामी वसतिगृहात ठेवण्याविषयी शाळेच्या गुरुजींस वेळेवर भेटावे. आणि उन्हाळ्यात माणसे घरी असतात तेव्हा मंडळीने मिळून बांधबंदिस्तीचे एखादे तरी काम करावे, म्हणजे पडेल तो पाऊस माती घेऊन गोदावरीस जाणार नाही.

मननाकरिता प्रश्न
1. आपल्या गावचे पाणी कोणत्या नदीस जाते? वाटेत ते कोठे अडविता येईल?
2. आपल्या मंडळीतील किती कुटुंबे कोयत्यावर जातात? त्यांची किती मुले शाळा सोडून जातात?
3. आपण ज्यास नशीब म्हणतो, त्यातील कोणते दुःख मनुष्याने निर्माण केले आहे? ते दूर करण्यास आपली मंडळी यंदा काय करील?