तिसऱ्या वर्षी जे शिकायला मिळते

सॉफ्टवेअर क्षेत्रात कंपनी बदलली की पगार वाढतो, हे खरेच आहे. हिंजवडी-खराडीतल्या इंजिनिअरला जागेवर मिळणारी वार्षिक वाढ आणि स्विच केल्यावरची वाढ यांतला फरक दोन वर्षांतच कळतो. 2021-22 मध्ये तर नोटीस पिरियड संपेपर्यंत हातात दोन-तीन ऑफर असत. पुढे भरती आटली आणि बायोडेटातल्या तारखा बारकाईने वाचल्या जाऊ लागल्या.

खरा तोटा शिकण्यात होतो. डेटाबेसमधले टेबल पहिल्या वर्षी कसेही आखले तरी चालून जाते, कारण त्यात नोंदीच काही हजार असतात. त्या कोटीच्या घरात गेल्या, की कालपर्यंत झटकन येणारा रिपोर्ट मिनिटभर अडकतो. मग इंडेक्स कुठे चुकला ते शोधायचे आणि ग्राहकांचे काम न थांबवता चालू टेबलाची रचना बदलायची. ही वेळ बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येते. चौदाव्या महिन्यात राजीनामा देणाऱ्याची चूक दुसराच कोणी निस्तरतो, आणि शिकतोही तोच. लीडच्या मुलाखतीत प्रश्न येतो, ‘तुम्ही आखलेली सिस्टीम पुढे कुठे अडली? तेव्हा काय केलंत?’ तिथे अनेक हुशार मुले गप्प होतात, याचे वाईट वाटते.

पैशाचेही पाहावे. ग्रॅच्युइटीसाठी कायम नोकरदाराची एकाच कंपनीत साधारणपणे सलग 5 वर्षे भरावी लागतात. त्यासाठी धरले जाणारे मासिक वेतन 52,000 रुपये असेल, तर दर वर्षामागे 15 दिवसांचे, म्हणजे 30,000 रुपये मिळतात. दर दोन वर्षांनी कंपनी बदलणाऱ्याला काहीच नाही. पीएफ मात्र काढू नये, नव्या खात्यात वर्ग करावा: तसे केल्यास आधीची सेवा मोजली जाते, आणि एकूण सेवा 5 वर्षांच्या आत असताना काढलेली रक्कम करपात्र ठरते. आर्थिक वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली तर आधीचे उत्पन्न नव्या कंपनीला कळवावे. नाहीतर दोन्हीकडे करसवलत धरली जाते आणि विवरणपत्र भरताना मोठी रक्कम अंगावर येते.

प्रोजेक्ट बंद पडला, महिनोन्महिने बेंचवर बसवले किंवा वागणूक अपमानाची असेल, तर जरूर सोडावे. एरवी आपले काम किमान एकदा वाढत्या भाराखाली चाललेले पाहूनच निघावे. राजीनाम्याचा मेल पाठवण्याआधी मॅनेजरला स्पष्ट विचारावे, की पुढच्या वर्षात इथे कोणते नवे काम हाती येणार आहे.