गळ टाकण्याआधी तिथी बघा

वाशिष्ठी नदीवर मासे पकडायला जायचा दिवस ठरला तो सगळ्या मित्रांच्या सुट्ट्या जुळल्या म्हणून. रॉड, रीळ, गऱ्या, शिशाची वजनं, आमिषाला ताजी कोलंबी, सगळं घेऊन पहाटे पुण्याहून निघालो, कुंभार्ली घाट उतरलो आणि दुपारी बाराच्या सुमारास चिपळूणला गोवळकोटच्या खाली बसलो. पाणी उतरत चाललं होतं. काठाचा चिखल हातहात उघडा पडला होता. गळ टाकावा तर गरी तळच्या मुळांत अडकायची, दोर तुटायचा. एकही मासा आमिषाला तोंड लावीना.

खांद्यावर पाग (फेकायचं जाळं) टाकून एक वयस्कर काका चालले होते. थांबून म्हणाले, "तिथ बघून आलाव काय? आज अष्टमी. आता काय गावायचं नाय."

त्यांनी सांगितलेला हिशोब कोकणात जुना आहे आणि सोपाही. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. अष्टमीची पाऊणपट सहा. म्हणजे खाडीच्या तोंडाशी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि दुपारी बाराला ओहोटी. दशमीला साडेसात, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा. दोन्ही पक्षांना हिशोब तोच. मात्र वाशिष्ठीच्या दाभोळजवळच्या मुखापासून जितकं आत यावं तितकी भरती उशिरा पोचते. मोबाइलवर मिळणारं कोष्टकही बहुधा बंदराचंच असतं. तुमच्या काठावर पाणी नेमकं केव्हा चढतं हे तिथे रोज पाग टाकणाऱ्यालाच विचारावं लागतं.

शिवाय अष्टमीचे दिवस भांगाचे. पाण्याला ओढ कमी. जिताडा, तांबोशी हे मासे चढत्या पाण्याबरोबर बारीक मासळीच्या मागे उथळात शिरतात; पाणी धावत असलं तरच त्यांची शिकार चालते. म्हणून आधी तिथी बघावी, मग रजेचा अर्ज करावा. भरती चढत असतानाचे तास हाताशी येतील अशा बेताने पोचावं आणि ओहोटीला सामान आवरावं. ओल्या गाळात गुडघाभर रुतलेला पाय काढताना आमच्यातल्या एकाची चप्पल गेली. कमरेपर्यंत रुतला असता, तर प्रसंग जिवावरचा होता.

खाली काही मिळेना म्हणून आम्ही चिपळूणच्या वरच्या अंगाला गेलो. तिथे भरतीचा संबंध नाही, पण नदीला दुसरा धनी आहे. कोयना धरणाचं पाणी बोगद्यांतून सह्याद्री ओलांडून पोफळी-अलोरेकडे उतरतं, वीज करतं आणि हे अवजल पुढे वाशिष्ठीत येतं. म्हणून ही नदी ऐन उन्हाळ्यातही वाहते. पण विजेची मागणी वाढली की पाणीही वाढतं. आम्ही पात्रातल्या कातळावर बसलो होतो. आभाळ कोरडं होतं. संध्याकाळी बघता बघता कातळाभोवतीचं पाणी घोट्यावरून गुडघ्याच्या वर आलं. सामानाची एक पिशवी वाहून गेली. एकमेकांचे हात धरून आम्ही काठ गाठला. धरणाखालच्या कुठल्याही नदीत पाणी कधी सोडतात हे गावात विचारल्याशिवाय पात्रात पाऊल टाकू नये. पाऊस नाही म्हणजे पाणी वाढणार नाही, हा घाटावरच्या माणसाचा समज इथे घात करतो.

आणखी काही गोष्टी. वाशिष्ठीत मगरी आहेत. पावसाळ्यात त्या चिपळूणच्या रस्त्यांवरही दिसल्या आहेत. पाण्यात उभं राहून गळ टाकू नये, मासे काठावर साफ करून आतडी तिथेच टाकू नयेत, अंधार पडायच्या आत काठ सोडावा. शेंगाळा लागला तर त्याचे काटे आधी सांभाळावेत. ते विषारी असतात आणि ठणका असह्य होतो. टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा आणि दवाखाना गाठावा. केंड, म्हणजे हाती येताच पोट फुगवणारा मासा, कितीही ताजा दिसला तरी खाऊ नये. त्याच्या विषाने माणसं मरतात. धरणाच्या जलाशयात मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार संस्थेकडे असतो, तेव्हा त्यांना विचारूनच गळ टाकावा. त्यांचं पोट त्या पाण्यावर आहे.

आणि तिथी कितीही चांगली असली, तरी पहिल्या पावसात जाऊ नका. मृगाच्या सरी पडल्या की मासे पोटात गाभोळी घेऊन ओढ्या-वहाळांतून वर चढतात. हे चढणीचे मासे हाताने धरता येतात इतके सहज मिळतात, म्हणून तर लोक टोपल्या घेऊन धावतात. पण त्यातली एक मादी मारली तर हजारो पिल्लं जातात, आणि पुढच्या वर्षी पाग टाकणाऱ्या त्या काकांच्या हाती काही लागत नाही. जून-जुलैत गळ घरीच राहू द्या.