गोंदणाचा भाव : एक लहानसा अभ्यास

माझ्या आजीच्या कपाळावर एक टिकली, हनुवटीवर तीन ठिपके आणि डाव्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेले आहे. या साऱ्याचे किती पडले, असे मी तिला एकदा विचारले. "दोन शेर जवारी," ती म्हणाली आणि वर पुस्ती जोडली, "सोनं आठेच राही जास, संगे येस ते गोंदनंच."

मेल्यावरही सोबत येणारी वस्तू दोन शेर धान्यात! आणि परवा जळगावात मैत्रिणीबरोबर एका दुकानात चौकशी केली, तर चौरस इंचाला ५०० रुपये, आणि अक्षर एकच काढले तरी १००० रुपयांहून कमी नाही. मी अभ्यासासाठी विचारते आहे, हे कळल्यावर दुकानदाराचा चेहरा जरा उतरला. तरीही त्याने समजावून सगळे सांगितले.

ही तफावत केवळ महागाईची नव्हे. आजीच्या वेळी गोंदणारीण दारी येई. दिव्याची काजळी आणि दोऱ्याने एकत्र बांधलेल्या दोन-तीन सुया, एवढेच तिचे भांडवल. नमुने पिढ्यान्‌पिढ्यांचे ठरलेले. नवे चित्र रेखाटण्याचा प्रश्नच नव्हता. आणि त्याच सुयांनी सारी गल्ली गोंदून निघे.

पुढे विजेचे यंत्र आले. न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली याने १८९१ साली त्याचे पेटंट घेतले. मूळ कल्पना एडिसनच्या विजेच्या लेखणीची. आज आपल्याकडच्या यात्रांतही हे यंत्र घेऊन माणसे बसतात. समोर चित्रांचा फलक असतो आणि नावाचा दर अक्षरावर ठरतो.

मग दुकानात जास्त पैसे कशाचे? पहिली गोष्ट म्हणजे हाताची. आपल्या कातडीचा वरचा थर सतत झडत असतो. म्हणून शाई त्याखालच्या थरात, सुमारे एक-दोन मिलिमीटर खोल, बसावी लागते. सुई उथळ गेली तर चित्र फिके पडते आणि जास्त खोल गेली तर शाई पसरून अक्षरे फुगतात. एवढ्या अंतरात हात स्थिर ठेवायला वर्षे जातात. बोटांवर आणि बरगड्यांवर काम अधिक अवघड, म्हणून तेथे दर चढतो. नुसत्या रेषेपेक्षा छायेला वेळ लागतो, चेहरा काढायचा तर दिवस मोडतो. रंगांचेही तसेच. शिवाय प्रत्येक गिऱ्हाइकाला नवी सुई, नवे हातमोजे, शाईची वेगळी वाटी. हा खर्च चित्रात दिसत नाही, पण एकाची सुई दुसऱ्याला लावल्यास ब आणि क प्रकारची कावीळ किंवा एचआयव्हीची लागण होऊ शकते. घासाघीस करताना नेमका हाच खर्च प्रथम कापला जातो, असे मला वाटते.

आता आमच्या घरची गोष्ट. माझ्या चुलतभावाने, दादाने, एका यात्रेत १५० रुपये देऊन उजव्या हातावर 'आई-बाबा' गोंदवून घेतले. वीस मिनिटांत काम झाले. सुई नवी होती का, हे त्याने विचारले नाही. पुढच्या वर्षी तो केंद्रीय सशस्त्र पोलीस दलाच्या भरतीला गेला. धावण्यात उतरला, वैद्यकीय तपासणीत अडकला. नियम असा, की गोंदण सलामी न देणाऱ्या म्हणजे डाव्या हाताच्या आतल्या बाजूस किंवा पंजाच्या मागे चालते आणि तेही त्या भागाच्या चौथाईहून लहान हवे. आमच्या घरात महाविद्यालयात येणारी मी पहिली. दादा लागला असता तर सरकारी पगार आणणारा तो पहिला ठरला असता.

धुळ्याच्या डॉक्टरांनी लेसरचा उपाय सांगितला. लेसर किरणांनी शाईचे बारीक कण होतात आणि शरीर ते हळूहळू वाहून नेते. काळी शाई त्यातल्या त्यात लवकर निघते, हिरवी चिवट. एका खेपेचे २५०० रुपये, खेपा किमान सहा, आणि दोन खेपांत काही आठवड्यांचे अंतर. म्हणजे १५० रुपयांचे गोंदण पुसायला १५,००० रुपये. काकांनी कपाशीच्या पैशांतून तीन खेपा केल्या. अक्षरे फिकी झाली आहेत, पण अजून वाचता येतात.

दादा धुळ्याहून आला की आजी त्याचा हात उजेडात धरून पाहते. मागच्या खेपेला तिने विचारले, "पुसाले बी पैसा लागतस का रे, भाऊ?"